आटपाट नगरातला नाताळ

"शेवट आधीच माहीत असतो, मग बघायचं कशाला?" हॉलमार्क या अमेरिकन टीव्ही चॅनेलच्या नाताळच्या सिनेमांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. श्रावणातल्या शुक्रवारी हातात अक्षता घेऊन जिवतीची कहाणी ऐकायला बसलेल्या बाईला असं कुणी विचारत नाही. आटपाट नगर असणार, संकट येणार आणि साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होणार, हे पहिल्याच ओळीला ठाऊक असतं. तरी मधे कुणी उठून जात नाही. अमेरिकेतल्या घराघरांत ऑक्टोबर संपायच्या आत हेच सुरू होतं. शहरातली कामात बुडालेली बाई गावी येते, गावातली जुनी बेकरी किंवा लॉज बंद पडायच्या बेतात असते, चेक्सचा शर्ट घातलेला एक भला माणूस भेटतो, गावच्या ख्रिसमस ट्रीचे दिवे लागतात आणि शेवटच्या दोन मिनिटांत दोघं एकमेकांना जवळ घेतात. सगळं ठरलेलं. या सिनेमांकडे नाक मुरडण्याआधी ते कसे बनतात आणि लोक त्यांत नेमकं काय बघतात हे समजून घ्यावं, एवढ्यासाठी हे लिहितोय.

हॉलमार्क ही मुळात शुभेच्छापत्रांची कंपनी. 1910 मध्ये कॅन्सस सिटीत सुरू झालेली. टीव्हीशी तिचं नातंही नाताळातूनच जुळलं. 24 डिसेंबर 1951 ला एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर संगीतकार मेनोत्तीचा ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, थेट दाखवला गेला, टीव्हीसाठी अमेरिकेत खास रचलेला पहिला ऑपेरा, आणि त्याची प्रायोजक हॉलमार्क होती. स्वतःचं चॅनेल 2001 मध्ये आलं. 2009 पासून 'काउंटडाउन टू ख्रिसमस' हा नाताळच्या सिनेमांचा हंगाम सुरू झाला आणि पुढे दर मोसमाला नवे सिनेमे चाळीसच्या घरात गेले. हंगाम इथेच संपत नाही, भर उन्हाळ्यात 'ख्रिसमस इन जुलै' असतंच.

आता बांधणी. दोन तासांच्या जागेत सिनेमा असतो साधारण 84 मिनिटांचा, उरलेली 36 मिनिटं जाहिराती. म्हणून पटकथा तीन अंकांची नसते, नऊ अंकांची असते. पहिला अंक सगळ्यांत लांब, पंधरा ते वीस मिनिटांचा, कारण पहिल्या जाहिरातीच्या आत बघणारा गुंतला नाही तर रिमोट उचलतो. पुढचे आठ अंक साधारण आठ-आठ मिनिटांचे, आणि प्रत्येकाच्या शेवटी एखादी छोटी गाठ मारून ठेवायची. सहाव्या-सातव्या अंकात दोघांचे चेहरे जवळ येतात आणि नेमका फोन वाजतो किंवा एखादं पोर धावत येतं. आठव्याच्या शेवटी गैरसमज, नवव्यात उलगडा. प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला कुणीतरी "म्हणजे परवापर्यंत बेकरी वाचवायला हवी!" असं काहीतरी बोलतं ते काहींना बाळबोध वाटतं. पण हे बघणारी बाई एकीकडे भेटवस्तू गुंडाळत असते, ओव्हनमधला कुकीजचा ट्रे बाहेर काढत असते. मधेच येऊन बसणाऱ्यालाही धागा सापडला पाहिजे, म्हणून ते वाक्य असतं. माझ्या मते तो लेखकाने बघणाऱ्याच्या वेळेचा ठेवलेला मान आहे.

शूटिंगला मिळतात साधारण पंधरा दिवस. 84 मिनिटं म्हणजे ढोबळमानाने पटकथेची 84 पानं, म्हणजे दिवसाला साडेपाच-सहा पानं उरकायची. मोठ्या सिनेमाला दिवसाला दोन-तीन पानं झाली तरी चालतात. त्यात बरेचसे सिनेमे बनतात कॅनडात, व्हँकूव्हरच्या आसपास किंवा ऑन्टारियोतल्या छोट्या गावांत. तिथे करसवलत मिळते, कॅनडियन डॉलर स्वस्त पडतो, आणि या कामात मुरलेली माणसं हाताशी असतात. यांतलं कितीतरी काम ऐन उन्हाळ्यात होतं, आणि मग बर्फ तयार करावा लागतो.

हा बर्फ एका प्रकारचा नसतो. लांबवरच्या अंगणात आणि छपरांवर कापसासारख्या पांढऱ्या चादरी अंथरतात. त्यांच्या कडा दिसू नयेत म्हणून वरून कागदाचा बारीक भुगा फवारतात. हवेतून पडणारा बर्फ म्हणजे यंत्रातून सोडलेला फेस. जिथे नट हातात गोळा घेणार किंवा बुटाखाली करकर आवाज हवा, तिथे खराखुरा बर्फ चुरून टाकतात, पण तो उन्हात टिकत नाही, म्हणून ते शॉट सकाळी लवकर. फेस कोटावर पडला की विरघळून ओला डाग सोडतो आणि पुढच्या शॉटला तो डाग जुळत नाही. यंत्राचा आवाज संवादात घुसतो, मग ते संवाद स्टुडिओत पुन्हा बोलून घ्यावे लागतात. नट तीस अंशांत लोकरी कोट आणि मफलर घालून उभे. तोंडातून वाफ येत नाही, ती हवी असेल तर नंतर कॉम्प्युटरवर घालायची.

रात्रीचं गणित तर आणखी अवघड. ट्रीचे दिवे लावायचा प्रसंग अंधारातच हवा, आणि जूनमध्ये व्हँकूव्हरला सूर्य मावळतो रात्री नऊ वाजून गेल्यावर आणि उगवतो पहाटे पाचच्या सुमाराला. संधिप्रकाश सोडला तर काळोखाचे पाच-सहा तास हाती लागतात. तेवढ्यात गावभरचा जमाव, लहान मुलं, दिवे, पडता बर्फ आणि नायक-नायिकेचा निवांत संवाद, सगळं बसवायचं. म्हणून त्या प्रसंगात कॅमेरा दोघांच्या चेहऱ्याजवळ राहतो आणि मागे सूचिपर्णी झाडं नाहीतर हिरवी तोरणं भरून टाकतात. फ्रेम जरा मोकळी सोडली की पानांनी डवरलेलं मेपलचं झाड डोकावतं आणि डिसेंबर तिथल्या तिथे मोडतो.

हे सगळं पंधरा दिवसांत जमवणारी माणसं कसबी आहेत, आणि म्हणूनच जिथे आळस दिसतो तिथे वाईट वाटतं. रिकामा कॉफीचा कप हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. बाई बर्फातून चालत येतेय, हातात कागदी कप, आणि तो कप हातात पिसासारखा हलतोय. ओठांना लावताना मनगट वजन घेत नाही, बोलताना कप आडवा होतो तरी थेंब सांडत नाही. त्यात अर्धा कप पाणी भरायला मिनिटसुद्धा लागत नाही. घर सोडून निघालेल्या माणसाच्या हातातल्या रिकाम्या सुटकेसचंही तेच.

पण सगळ्यांत मोठी चूक आठव्या अंकात होते. गैरसमज असा असतो की एका वाक्यात मिटावा. नायिकेच्या कानावर फोनवरचं अर्धंच बोलणं पडतं आणि ती काही न विचारता गाडी काढते. बघणारे इथेच चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. शेवट ठरलेला असला तरी वाट खरी हवी. नोकरी खरंच दूरच्या शहरात आहे, बापाला दुकान खरंच झेपत नाही, पहिल्या नवऱ्याला जाऊन वर्षही झालेलं नाही, असं काही कारण दिलं की तोच सिनेमा उभा राहतो. माझी कसोटी एवढीच: आठव्या अंकात दोघांनी एकमेकांना सगळं खरं सांगितलं असतं तरी अडचण उरली असती का? उरली असती तर लेखकाने काम केलंय.

आणि लोक रडतात ते शेवटच्या चुंबनाला नाही. ते रडतात सजावटीचं खोकं उघडतात तेव्हा. माळ्यावरून पुठ्ठ्याचं खोकं खाली येतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एकेक लटकन बाहेर निघतं, त्यात शाळेत असताना कणकेचं केलेलं, रंग उडालेलं एखादं असतं, आणि तळाशी आईच्या अक्षरातलं पाककृतीचं कार्ड, लोण्याचा डाग पडलेलं. आई आता नसते. अभिनेत्री त्या अक्षरावरून बोट फिरवते आणि क्षणभर कुणी काही बोलत नाही. यांतल्या कितीतरी सिनेमांत टेबलाभोवती एक खुर्ची रिकामी असते आणि प्रेमकथा हे तिच्याभोवतीचं कुंपण असतं. पुढे सगळं नीट होणार याची खात्री असल्यामुळेच बघणारा त्या खुर्चीकडे न घाबरता बघू शकतो. ज्याच्या घरात त्या वर्षी खरंच एक खुर्ची रिकामी झाली असेल, त्याला अनपेक्षित शेवट नकोच असतो.

म्हणून प्रेक्षकांची चेष्टा झाली की राग येतो. डिसेंबर 2017 मध्ये नेटफ्लिक्सने ट्विटरवर जाहीर विचारलं होतं की आमचा अमुक नाताळपट सलग 18 दिवस रोज बघणाऱ्या 53 जणांनो, तुमचं मन कुणी दुखावलंय? लोक संतापले, आपण काय बघतो यावर कंपनी अशी नजर ठेवते म्हणूनही आणि त्यातल्या खवचटपणामुळेही. अठरा दिवस रोज तोच सिनेमा लावणाऱ्या घरात काय चाललं असेल, आजारपण, एकटेपण, की फक्त कामाच्या मागे चालू ठेवलेला सोबतीचा आवाज, हे आकड्यातून कळत नाही.

हे प्रेक्षक भाबडे नाहीत. ते याद्या करतात, बघितलेल्या सिनेमांवर खुणा करतात, त्यासाठी हॉलमार्कने ॲपच काढलं होतं. बिंगोचे तक्ते छापून घरी खेळतात: बर्फाच्या गोळ्यांची मारामारी दिसली, तक्त्यावरचं एक घर भरलं. जळलेल्या कुकीज, एक घर. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, जिथे आपली मराठी माणसंही बरीच आहेत, 2019 पासून 'ख्रिसमस कॉन' हा या सिनेमांच्या चाहत्यांचा मेळा भरला आणि तिथे लोक स्वेटर घालून आवडत्या नटांना भेटायला रांगेत उभे राहिले. आणि वेळ आली तेव्हा हेच प्रेक्षक हक्काने बोललेही. डिसेंबर 2019 मध्ये हॉलमार्क चॅनेलने दोन वधूंचं चुंबन असलेली एक जाहिरात एका गटाच्या दबावाखाली काढून टाकली. इतका गदारोळ झाला की काही दिवसांत माफी मागून ती जाहिरात पुन्हा दाखवायचं ठरलं, आणि जानेवारीत मुख्य अधिकारी पायउतार झाले. 2022 च्या डिसेंबरात दोन पुरुषांची प्रेमकथा केंद्रस्थानी असलेला नाताळपट याच चॅनेलवर आला, आणि त्यालाही साच्यातला गोड शेवट मिळाला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. गावातल्या त्या टेबलावर आपलीही खुर्ची असावी असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी साचा मोडायला सांगितलं नव्हतं. त्यांना त्याच साच्यात जागा हवी होती, तेच दिवे, तोच बर्फ, नववा अंक संपता संपता तोच क्षण.

यंदा कुणी पहिल्यांदाच बघणार असेल तर सुरुवातीपासून बसा, पहिला अंक चुकवू नका. नायिकेने मुठीत काय धरलंय ते बघत राहा. कपात वजन असेल, तर खोकं उघडायच्या प्रसंगापर्यंत थांबा.