‘वाट पूस’ म्हणणारी आजी चुकत नव्हती

बेळगाव-खानापूर-निपाणीकडे मोबाइलवर एक मजकूर सारखा फिरतोय: ‘पुसणे म्हणजे समूळ मिटवणे, हाच खरा अर्थ. विचारणे या अर्थाने पुसणे ही कन्नडमुळे बिघडलेली सीमाभागातली मराठी. विचारलं की शंका पुसली जाते, म्हणून तो अर्थ चिकटला.’ यातलं एकही विधान टिकत नाही.

कन्नडात विचारणं म्हणजे ‘केळु’ आणि पुसणं म्हणजे ‘ओरेसु’. यातून ‘पुसणे’ येईल कसं? अक्का, अण्णा आपण कन्नडातून घेतले, त्यात कमीपणा नाही. पण जे तिथून आलंच नाही, ते कन्नडच्या माथी का मारायचं?

शंका पुसली जाण्याची गोष्ट रचलेली आहे. मुळात ही दोन वेगळी क्रियापदं. विचारण्याचं पुसणे संस्कृत ‘पृच्छति’, प्राकृत ‘पुच्छइ’ यांतून आलं. मराठीत असा ‘च्छ’ घासून ‘स’ होतो: मच्छचा मासा, वच्छचं वासरू. तसंच पुच्छइचं पुसणे. मिटवण्याचं पुसणे प्राकृत ‘पुसइ’वरून. 12व्या शतकात हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात ‘पुस’, ‘फुस’, ‘पुंछ’ हे पुसण्याचे धातू नोंदवलेत. हिंदीत आजही पूछना आणि पोंछना वेगळे आहेत. आपल्याकडे उच्चार एक झाला, एवढंच.

सीमाभागाचा दोष म्हणाल, तर 1290 सालच्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी पाहा: ‘भाष्यकारातें वाट पुसतु’. ज्ञानदेव वाट मिटवत नव्हते, विचारत होते. आणि पुण्यामुंबईतही आजाऱ्याची विचार‘पूस’च करतात ना! हा अर्थ चूक ठरवला तर हा शब्दही टाकावा लागेल.

राहिलं ‘समूळ’. नुसत्या पुसण्यात ते नसतं. घाम पुसतात, भांडी पुसतात. नामोनिशाण घालवायचं तेव्हा जोडीला ‘टाकणे’ येतं: पुसून टाकणे.

खानापूरच्या बाजाराला धाडताना आजी म्हणायची, “चुकलास तर कुणालाबी वाट पूस की.” तीच आजी संध्याकाळी “पाटी पूस” म्हणायची, आणि माझा कधी गोंधळ झाला नाही. ओलं फडकं फिरवलं तरी पाटी वाळली की कालचा ‘ळ’ अंधुक उमटायचा. आजी पाटी उजेडात तिरकी धरायची. “पुसलंस, पण गेलं न्हाई. कोळसा लावून घास.”