बेल्ट दिलात, पण हूक कशाला अडकवायचा? (एका साइट इंजिनिअरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

बांधकामावरच्या कामगारांच्या सुरक्षिततेमागच्या मानसशास्त्रावर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया कडक आहे. पण उन्हात उभं राहून स्लॅब भरून घेतलेल्या माणसाची आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मानसशास्त्र या एसीतल्या गप्पा. कंपनी उंचीवरून पडू नये म्हणून सेफ्टी बेल्ट देते, हेल्मेट देते, रोज सकाळी टूलबॉक्स टॉक (कामाआधीची सुरक्षेची छोटी बैठक) होतो, तरी 'ही माणसं' बेल्टच्या दोरीचा हूक लावत नाहीत. बेफिकीर आहेत, निम्म्यांची रात्रीची उतरलेली नसते. ९० टक्के अपघात कामगारांच्याच चुकीने होतात. ५०० रुपये दंड लावा, सरळ होतील.

आधी त्या ९० टक्क्यांचं बघू. हा आकडा सेफ्टीच्या वर्गांत वर्षानुवर्षं फिरतोय. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिक यांनी १९३१ साली वाटणी केली होती: ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे, १० टक्के धोकादायक परिस्थितीमुळे, २ टक्के अटळ. आधार काय, तर विम्याचे दावे आणि कारखान्यांमधल्या अपघाताच्या नोंदी. त्या नोंदी लिहिणारा बहुतेक वेळा सुपरवायझर किंवा मालक. तो स्वतःची चूक कशाला लिहील? मूळ कागद नंतरच्या अभ्यासकांना तपासायलाही मिळाले नाहीत.

आपल्या ठाण्यातलंच बघा. १० सप्टेंबर २०२३ ला बाळकुमला ४० मजली इमारतीची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग उरकून खाली येत होते. त्यात त्यांची कुठली बेफिकिरी?

आता हुकाकडे येतो, कारण आपला खरा वाद तिथेच आहे. बाहेरच्या परांचीवर काम करणाऱ्याला एकाच दोरीचा बेल्ट दिलेला असतो. एका खांबाकडून पुढच्या खांबाकडे जायचं तर हूक काढणं भागच. म्हणजे सर्वात धोक्याच्या क्षणी, पाय उचलताना, तो मोकळा. दोन दोऱ्यांचा बेल्ट असेल तर एक हूक लागलेला ठेवून दुसरा पुढे लावता येतो, पण तो महाग, म्हणून भेट द्यायला येणाऱ्या साहेबांसाठी ऑफिसात टांगलेला. स्लॅबच्या कडेला लाइफलाइन, म्हणजे हूक अडकवायची पक्की दोरी, ओढलेली नसली की पोरगा हूक सळईत अडकवतो, नाहीतर जी परांची खोलायला चढलाय तिच्याच पाइपाला. त्याला कळत नाही असं थोडंच आहे? हूक फोटोपुरता आहे हे त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं.

आणि इथे मानसशास्त्र येतं, तुम्हाला आवडो न आवडो. हूक न लावल्याचा फायदा लगेच आणि दर वेळी मिळतो: काम भराभर सरकतं, मुकादम ओरडत नाही, फुटावर ठरलेलं काम असेल तर संध्याकाळी चार पैसे जास्त. तोटा मात्र कधीतरी, कदाचित कधीच नाही. न पडता गेलेला प्रत्येक दिवस त्याला शिकवतो की बेल्टावाचून चालतं. तुम्ही-मी शिळफाट्याला हेल्मेटशिवाय बाइक चालवताना हेच करतो, फक्त पडायची उंची कमी.

दारूचं म्हणाल तर काही जण पितात, नाकारत नाही. पण ठाण्याच्या घोडबंदर रोडला अवजड गाड्यांवर वेळेचं बंधन, म्हणून आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या बऱ्याचदा रात्री येतात. दिवसाची हजेरी भरून तोच माणूस रात्रीच्या स्लॅबला उभा. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. तेव्हा 'उतरलेली नसते' हे तुमचं निरीक्षण कदाचित बरोबर असेल, पण पाजणारा गुत्ता नव्हे, डबल हजेरी आहे.

एका बाबतीत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. फुशारकी असते. मिस्त्री बिनधास्त पट्टीवरून चालतो, आणि गावाहून परवा आलेला, मुकादमाची उचल डोक्यावर असलेला भाचा हूक लावून चाललाय असं क्वचितच दिसेल. सगळ्यांसमोर भित्रा ठरायचं कुणाला असतं? म्हणूनच मला पोस्टरपेक्षा मिस्त्री महत्त्वाचा वाटतो. त्याने लावला की टोळी लावते.

दंडाला मात्र माझा विरोध आहे. ५०० रुपये म्हणजे बिगाऱ्याची निम्मी-पाऊण हजेरी. ते कापले जाणार म्हटल्यावर तो हूक लावेलच असं नाही, पण पाय घसरल्याचं, फळी हलल्याचं तुम्हाला नक्की सांगणार नाही. अपघाताआधीची ही बातमीच तुम्हाला लागते, आणि ती बंद होईल. दंड करायचाच असेल तर लाइफलाइन न ओढता माणूस कडेला पाठवला म्हणून ठेकेदाराच्या बिलातून कापा.

तुमच्या साइटवर दोन दोऱ्यांचे बेल्ट खरोखर वापरात असतील तर तिथली माणसं हूक लावतात का, हे जरूर लिहा. तरीही लावत नसतील तर आपण या वादाला पुन्हा बसू.