नुकसानभरपाईच्या आधीचा पैसा

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा जीव गेला. त्यातली दोन लहान मुलं होती. लोक पुणे-नाशिक महामार्गावर उतरले, बिबट्याला गोळी घातली गेली आणि मग पुण्यात चर्चेला उधाण आलं. बिबट्यांची नसबंदी करा, पकडून परराज्यात पाठवा. जंगलात शेळ्या सोडण्याचीही कल्पना पुढे आली. कोथरूडमधल्या माझ्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर दोन तट पडले. एकाला बिबट्या वाचवायचा होता, दुसऱ्याला संपवायचा. उसाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला कुणीच काही विचारलं नाही.

मी नैरोबीत राहतो. माझं आजोळ मंचरच्या बाजूचं, त्यामुळे बातम्या वाचून झाल्या की मामाला फोन होतोच. मामा म्हणाला, "पिंजरा लावलाय रे बाळा. पण लाईट रात्रीची असली की उसाला पाण्याची दारं धरायला जावंच लागतं. ऊस वाळवून कसं चालेल?" मामी आता चारा कापायलाही एकटी जात नाही. माझ्या मते बिबट्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मामाच्या त्या बोलण्यात आहे. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. तिची कामं जिथे हल्ले होतात त्या गावांत आधी व्हायला हवीत. हे वन्यजीव संरक्षणाचं काम आहे असं मात्र कुणी म्हणत नाही.

पकडून दुसरीकडे सोडण्याचा उपाय आपण करून पाहिलेला आहे. २००१नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर वनविभागात बरेच बिबटे पकडून लांब सोडले गेले. त्यानंतर हल्ले वाढले, असं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. इतक्या वर्षांनी पुन्हा त्याच मागणीवर आपण येतो, कारण गावाच्या हातात दुसरं काही दिलेलंच नाही. माणूस गेला तर सरकार २५ लाख रुपये देतं, शेळी गेली तर पंचनामा होतो. सगळा पैसा नुकसान झाल्यावर. बिबट्या रोज बांधावरून जातो आणि तरी गाव त्याला सहन करतं, त्या सगळ्या दिवसांचं कुणी काही देणं लागतं हे आपल्या हिशेबातच नाही.

इथे केनियात हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडला गेला. नैरोबीला लागून ११७ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे, १९४६चं. त्याची दक्षिणेची बाजू मोकळी आहे. पावसाळ्यात झेब्रे आणि वाइल्डबीस्ट तिकडून कितेंगेलाच्या मसाई पशुपालकांच्या कुरणांवर उतरतात आणि त्यांच्या मागोमाग सिंह जातात. २००० सालापासून तिथे एक योजना चालली. जमीनमालकाने कुंपण घालायचं नाही, जमिनीचे तुकडे पाडायचे नाहीत, खाण काढू द्यायची नाही. बदल्यात एकरी वर्षाला चार डॉलर. रक्कम मोठी नव्हती, पण ती हप्त्यांनी, पोरांच्या शाळेची फी भरायच्या सुमाराला मिळायची. ज्याने कुणी हे ठरवलं, त्याला घर कसं चालतं ते कळत होतं. मसाई माराभोवतीच्या संरक्षित कुरणांवरही जमीनमालकांना ठरलेलं भाडं मिळतं, त्या महिन्यात पर्यटकांना सिंह दिसो वा न दिसो.

कितेंगेलाकडच्या एका ओळखीच्या घरी मी अधूनमधून जातो. गुरांच्या वाड्याभोवती जाळी आहे, खांबांवर छोटे दिवे आहेत. सौर बॅटरीवर ते आळीपाळीने लुकलुकतात. लांबून पाहणाऱ्या सिंहाला वाटतं, कुणीतरी टॉर्च घेऊन फेऱ्या मारतंय. घरातल्या आईंनी चहा देता देता मला सांगितलं की कुरणाच्या भाड्याचे पैसे यायचे तेव्हा ते नवऱ्याच्या नावावर यायचे, कारण सातबारा म्हणावा असा जो कागद तिथे असतो तो त्याच्या नावावर. रात्री वासरं ओरडली की उठून बाहेर जातात त्या. सामूहिक जमिनींची वाटणी झाली तेव्हा मसाई बायकांची नावं बहुतेक ठिकाणी लागलीच नाहीत.

तेव्हा केनियाचा कित्ता जसाच्या तसा गिरवा, असं मी म्हणणार नाही. कितेंगेलाची योजना बाहेरच्या निधीवर चालली होती. निधी आटला, योजना थांबली, आणि आज त्या कुरणांवर कुंपणं आणि घरांच्या वसाहती दिसतात. २०२०मध्ये पर्यटक यायचे बंद झाले तेव्हा मारातलं भाडंही कापावं लागलं. सरकारी नुकसानभरपाईसाठी तर इथले लोक वर्षानुवर्षं थांबतात. त्या बाबतीत महाराष्ट्र बरा.

आणि आपल्याकडे असं काही आहे जे इथे नाही. २००६चा वनहक्क कायदा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे गावाने आपला बांबू स्वतः विकला. ते जंगल राखणं गावाला परवडतं, कारण जंगलाचा पैसा ग्रामसभेत येतो. पुणे जिल्ह्यात मात्र भीमाशंकरच्या पट्ट्यात अजून बाळहिरड्यासाठी झगडावं लागतं. उन्हाळ्यात आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातली आदिवासी कुटुंबं झाडावर चढून कोवळा हिरडा पाडतात, अंगणात काळा पडेपर्यंत वाळवतात आणि व्यापारी देईल त्या भावाने विकतात. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचं नुकसान झालं, त्याच्या भरपाईसाठी त्यांना पुढे कित्येक वर्षं आंदोलनं करावी लागली. १९८५मध्ये तिथे अभयारण्य झालं. शेकरू पाहायला पुण्याहून गाड्या भरून लोक जातात. शेकरू ज्यांच्या झाडांवर घरटी बांधतं, त्यांच्या हिरड्याला भाव मिळवून देणं हे शेकरूसाठी केलेलंच काम आहे, हे पुण्यातल्या निसर्गप्रेमी संस्थांनी मोठ्या आवाजात म्हणायला हवं.

जुन्नरजवळ आंबेगव्हाणला बिबट सफारी व्हायची आहे. होऊ दे. पण तिकिटाचा पैसा कुठल्या गावांना, किती आणि कधी मिळणार, हे पाया खणायच्या आधी कागदावर यावं.

उसाच्या पट्ट्यात प्रश्न आणखी अवघड आहे. बिबट्या उसातच जन्मतो, तिथे ना अभयारण्य ना पर्यटक. मग देणार कोण? माझ्या मते साखर कारखाने आणि सरकार. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलेलंच आहे. बिबट्याच्या तालुक्यांसाठी तशीच वेगळी रक्कम काढावी, ती ग्रामसभेकडे द्यावी आणि गोठ्यांना जाळ्या, वस्तीवर दिवे, शाळेपर्यंत मुलांची ने-आण यांवर ती कशी खर्चायची हे गावाने ठरवावं. बायकांच्या ग्रामसभेची त्याला मंजुरी असावी. कितेंगेलाच्या त्या घरात बसून मला हे पटलं.

यात एक माणूस तरीही सुटतो. बीड, अहिल्यानगरकडून येणारी तोड्यांची कुटुंबं उसाच्या कडेलाच कोप्या घालतात. पहाटे अंधारात आई-बाप फडात असतात आणि लेकरं कोपीत झोपलेली असतात. त्या गावच्या मतदारयादीत त्यांचं नाव नाही, म्हणजे ग्रामसभेतही ती नाहीत. म्हणून त्यांचा वाटा ग्रामसभेवर सोडू नये. पक्का निवारा, दिवे आणि मुलांसाठी पाळणाघर ही कारखान्याची जबाबदारी धरावी, आणि या गोष्टी जागेवर तयार आहेत हे तपासल्याशिवाय त्या कारखान्याला गाळपाचा परवाना देऊ नये.