साधेपणावर अठरा टक्के जीएसटी

कोकणातून परतलो आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे नळाला पाणी आलं. पाणी आलं की जुळे सोलापुरातली आमची अख्खी गल्ली बाहेर असते. बादल्या भरेपर्यंत करायचं काय, म्हणून मी शेजारच्या अण्णांना फोटो दाखवले. एवढाच माझा गुन्हा.

वेंगुर्ल्याच्या पुढं एका वाडीत राहिलो होतो. रस्त्यावर पाटीसुद्धा नाही. जांभ्याच्या भिंती, सारवलेलं अंगण, सुरूच्या बनातून समुद्राकडं जाणारी पायवाट. टीव्ही नाही, एसी नाही. हल्ली श्रीमंत लोक यालाच चैन म्हणतात आणि मलाही ती मनापासून आवडली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण अण्णांनी पुढं त्यातलं काही शिल्लक ठेवलं नाही.

अण्णा अक्कलकोट रोडला यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे होते. समुद्राचे फोटो त्यांनी भराभरा पुढं ढकलले. "पाणीच आहे की सगळं," म्हणाले. खोलीच्या फोटोवर मात्र थांबले.

"पलंगावर काय अंथरलंय हे?"

"हातमागाचं आहे, अण्णा. तिथल्या मॅनेजरनं खास सांगितलं."

अण्णांनी मोबाईल माझ्या हातातनं काढून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन बोटांनी तो फोटो ताणत ताणत पलंगाच्या पार कोपऱ्यापर्यंत गेले. "हातमाग? अरे, यंत्रमागावरची जेकार्ड हाय ही! मोराच्या शेपटाला पायऱ्या दिसायल्यात का? आपली चादर हाय!" मग समोरच्या घराकडं तोंड करून, "वहिनी, हा पठ्ठ्या घाट उतरून गेला, आन् सोलापूरच्या चादरीत झोपून आला!"

वहिनी घागर खाली ठेवून आल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी.

"न्हाणी कुठली ही? वर छप्पर नाही."

"मुद्दाम नाही ठेवलं. आभाळ दिसावं म्हणून."

"आन् नळ?"

"बंबातलं पाणी घंगाळात घ्यायचं आणि तांब्यानं..."

"तांब्यानं आंघोळ? मग हितं रोज काय करायलास तू?"

आता विषय बदलणं भाग होतं. मी इतिहासात शिरलो. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती, तिची पडकी इमारत अजून आहे. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली रत्नागिरीतून वेगळा झाला आणि 1997 साली तो देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "1997 म्हणजे लई वर्षं झाली की. आजून टीव्ही बसवला नाही?"

जेवणाचं सांगितलं. आंबोळी, काजूची उसळ, सोलकढी इथपर्यंत ठीक चाललं होतं. बांगडा म्हटल्यावर अण्णांनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि मोबाईलवरचं बोट आणखी एक फोटो पुढं सरकलं. तो बिलाचा होता. कपाळावरच्या चष्म्यामुळं त्यांना नेमकी शेवटची ठळक ओळ तेवढी वाचता आली.

"अठरा टक्के जीएसटी? एसी नाही, टीव्ही नाही, छप्पर नाही. मग कर लावला कशावर?"

"तसं नाही अण्णा, खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर गेलं की अठरा टक्के लागतो."

"साडेसात हजारांच्या वर!" हे वहिनी. रात्री वीज गेली की याच वहिनी गच्चीवर फुकट झोपतात, तेही आभाळाखालीच. त्या तसं बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्या बायकोकडं बघून हसल्या. बायको बादली उचलून आत गेली ती आजपर्यंत माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलते आहे.

अण्णांचा मला राग आहेच. पण खरा राग त्या मॅनेजरचा. चादरीला खुशाल हातमाग म्हणाला, आणि निघताना काउंटरवर तसल्याच चादरी विकायला मांडल्या होत्या, नवी पेठेत ज्या भावात तीन येतील त्या भावाला एक. त्यातलं विणणाऱ्याच्या हाती काय पडत असेल? अण्णांच्या कारखान्याच्या जागेवर आता मंगल कार्यालय आहे. मागच्या वर्षी तिथंच एका लग्नात जेवताना अण्णा पंगतीतल्या लोकांना सांगत होते, माझा साचा, म्हणजे माग, बरोबर इथं होता, त्या आइस्क्रीमच्या टेबलाखाली. तिथं कुणी ऐकत नव्हतं. नळावर सगळी गल्ली ऐकत होती, त्यामुळं त्यांना जरा जास्तच जोर चढला असणार. पण तो माझ्याच जिवावर का?

संध्याकाळी अण्णा दारात. आवाज एकदम मऊ.

"ते लोकेशन पाठव की. जावयाला जायचंय. टेम्पो ट्रॅव्हलर केलीय, सतरा जणं. स्पीकर बी घेतलाय मोठा."

त्या सुरूच्या बनात सतरा जण आणि स्पीकर. मी लगेच लोकेशन पाठवलं. तारकर्लीचं.