एक कॉक बसवायला काय झालं होतं बे?

गीझर बदलणं म्हणजे काय असतं? जुना हुकावरून उतरवायचा, नवा टांगायचा, दोन पाईप जोडायचे, पिन लावायची. तासाभराचं काम. हे मी आईला शनिवारी सकाळी ऐकवलं होतं. आज मंगळवारची रात्र आहे, उजव्या हाताची दोन बोटं सोललेली आहेत आणि आमच्या घराचं नळकाम ज्या महाभागाने केलं तो आत्ता समोर आला तर मी त्याला चहासुद्धा विचारणार नाही.

मुळात सोलापुरात गीझर लागतो किती दिवस? एप्रिल-मे महिन्यात दुपारी नळ सोडला की टाकीतलं पाणी असं येतं की हात भाजतो. तेव्हा लोक गार पाण्यासाठी बादल्या रात्रीच भरून ठेवतात. गीझरची खरी गरज डिसेंबर-जानेवारीत. आणि म्हणूनच तो जानेवारीत फुटतो. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा तोंडावर, ताई आणि दाजी लातूरहून यायचे, आणि आमच्या १५ लिटरच्या टाकीखालून तपकिरी थेंब टपकायला लागले. टाकी आतून सडली की डागडुजी नसते, नवाच घ्यावा लागतो. घेतला. दुकानदार म्हणाला, "इन्स्टॉलेशन फ्री आहे मालक." फ्री म्हणजे काय, तर माणूस तीन दिवसांनी येणार, पाईप, कॉक, फास्टनरचे पैसे वेगळे, आणि जुना गीझर काढणं त्यांच्यात बसत नाही. मग म्हटलं, चुलीत जाऊ दे, आपणच करू.

पहिली गोष्ट काय करायची? पाणी बंद करायचं. कुठून? इथेच सगळं घोडं अडलं. बाथरूमला पाणी बंद करायचा वेगळा कॉक नाही. गीझरच्या आधी अँगल कॉक नाही. टाइल्सच्या आत सगळे पाईप कन्सील करून, वर पिवळी फुलं असलेली टाइल लावून, हात झटकून माणूस निघून गेला. अडीचशे-तीनशे रुपयांचा एक कॉक. त्याला सुचला नाही, की सुचला आणि पैसे वाचवले, देव जाणे.

बरं, गच्चीवर टाकीखाली गेट वॉल्व्ह आहे. म्हटलं तो बंद करू. गेलो, फिरवला. फिरला. परत फिरवला, परत फिरला. चाक गोल गोल फिरतंय आणि खाली नळाची धार आहे तशीच. आतला दांडा कधीचा तुटलेला. म्हणजे तो वॉल्व्ह शोभेला आहे, देवघरातल्या प्लॅस्टिकच्या फुलांसारखा. टाकीच्या आतून तोंडाला फडकं कोंबावं म्हटलं, तर हजार लिटरची टाकी काठोकाठ भरलेली, माझा हात तळापर्यंत पोचायला मी काय हनुमान आहे?

काठोकाठ का भरलेली, तर शुक्रवारी रात्री पाणी आलं होतं. आमच्याकडे पाणी चार दिवसांआड येतं, तेही रात्री अडीचला, कधी पहाटे चारला. उजनीतून शंभरेक किलोमीटरवरून पाईपलाइनने येणारं पाणी, अलार्म लावून, मोटर चालू करून, डोळे चोळत भरलेलं. आणि ते मला आता सोडून द्यायचं होतं! दुसऱ्या गावात कुणाला हे सांगितलं तर हसतील. सोलापूरकर हसणार नाही. त्याच्या पोटात गोळाच येईल.

घरातली सगळी भांडी निघाली. बादल्या, टब, पिंप, कुकर, दिवाळीतल्या चिवड्याचा डबा, आईचं लग्नातलं घंगाळ. शेजारच्या काकूंच्या चार कळशा आणल्या. आई प्रत्येक भांडं भरताना एकच वाक्य म्हणत होती, "बंब काय वाईट होता?" तांब्याचा बंब आमच्या माळ्यावर आहे अजून. करवंट्या घाला, दोन लाकडं घाला, दहा मिनिटांत धुराने डोळे लाल आणि पाणी कढत. त्याला कॉक लागत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा मान्य करावं लागलं. एवढं करून निम्मी टाकी मोरीत गेलीच. त्या आवाजाकडे बघवत नव्हतं. हो, आवाजाकडे. ऐकवतही नव्हतं.

पाणी संपलं, पान्हा लावला. गरम पाण्याच्या बाजूचा पाईप सुटला. गार बाजूच्या पाईपला मी थोडा जोर दिला आणि कट्ट. निपल म्हणजे दोन पाईप जोडणारा आट्यांचा तुकडा, त्याचं अर्धं माझ्या हातात, अर्धं भिंतीत. लोखंडी निपल गंजून बिस्किटासारखा झालेला. आता भिंतीतला तुकडा बाहेर कसा काढायचा? पान्ह्याला धरायला काही उरलंच नाही. हॅक्सॉचं ब्लेड हाताला फडकं गुंडाळून आत घालायचं, निपलला आतून दोन चिरा पाडायच्या, पण मागच्या एल्बोचे, म्हणजे वाकड्या जोडाचे, आटे कापले जाता कामा नयेत, मग बारीक छन्नीने ती पट्टी आत दुमडायची आणि तुकडा पक्कडीने फिरवून काढायचा. लिहायला चार ओळी. करायला पावणेदोन तास, आणि तीच ती दोन बोटं. आटे वाचले, एक पिवळं फूल मात्र मधोमध तडकलं.

जुना गीझर खाली उतरवून आडवा केला तर आतून खडखड आवाज. क्षाराचे पांढरे पापुद्रे, मूठभर नाही, दोन ओंजळी. पाणी नसलं की आम्ही बोअरचं चढवतो, त्याचा हा प्रसाद. कॉइल खोलून पाहिली, चुन्यात बुडवून काढलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी. तिच्याशेजारी मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीच्या लोखंडाऐवजी आपण झिजायचं, एवढंच तिचं काम. आमची कांडी झिजून नुसती तार उरली होती, उदबत्ती जळून गेल्यावर काडी राहावी तशी. कांडी संपली म्हणून गंज टाकीला लागला. कांडी स्वस्त असते, बदलता येते. सात वर्षांत सर्व्हिसिंगच्या नावाखाली दोघे जण येऊन पैसे घेऊन गेले, एकानेही तोंड उघडलं नाही. माहितीपुस्तिकेत लिहिलंय म्हणे. हो, लिहिलंय. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात.

आणि खरा संताप पुढे आहे. गार पाण्याच्या तोंडाला एक वॉल्व्ह असतो. तो पाणी उलटं जाऊ देत नाही आणि आत दाब वाढला तर थोडं पाणी बाहेर सोडतो. पाणी तापलं की फुगतं, १५ लिटरला पेलाभर तरी. ते कुठेतरी जायला हवं ना? म्हणून तिथून अधूनमधून थेंब पडतात, पडायलाच हवेत. आमच्या त्या कलाकाराने काय केलं होतं? थेंब पडतात म्हणून त्या तोंडाला डमी प्लग ठोकून बसवला होता! वर टेप गुंडाळून, अगदी नीटनेटका. पाणी तापलं की वीज तोडणारे थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही एकदम बिघडले असते तर दाबाला वाट कुठे होती? सात वर्षं आम्ही डोक्यावर बॉम्ब टांगून त्याखाली अंघोळ करत होतो आणि वर म्हणत होतो, काम बाकी स्वच्छ केलंय हं.

नव्याचं ऐका. नव्या गीझरचा हुक आणि जुन्याचा हुक यांच्या भोकांत दीड इंचाचा फरक. सगळ्या कंपन्या १५ लिटर विकतात, पण भोकं एका मापात पाडायला यांचं काय जातं? परत ड्रिल, परत फास्टनर, परत टाइलची भीती. पाईप आखूड पडले. हार्डवेअरच्या दुकानात तीन खेपा. तिसऱ्या खेपेला तो गल्ल्यावरूनच म्हणाला, "मालक, जुना पीस सोबत आणायचा की!" सॉकेट आतून काळं पडलेलं निघालं. २००० वॅटला जवळपास नऊ अँपिअर लागतात आणि आत तार पंख्याला शोभेल अशी. तिथे मात्र मी शहाणपणा केला नाही. वायरमनला बोलावलं, नवी जाड तार ओढून घेतली, अर्थिंग तपासून घेतलं.

आज संध्याकाळी सगळं जुळलं. गीझरच्या आधी कॉक बसवला. गच्चीवर नवा बॉल वॉल्व्ह बसवला. आता मला कुणी मध्यरात्री उठवून पाणी बंद कर म्हणालं तरी चालेल, दोन बोटांत बंद करतो. आधी गीझरची टाकी भरायची, गरम नळाला सलग धार आली की मगच बटण दाबायचं, हे वायरमनने दोनदा बजावलं, नाहीतर कॉइल कोरडी जळते. गेलो नळ सोडायला. नळ फुस्स. गच्चीवरची टाकी ठणठणीत, भांड्यांतलं पाणी चार दिवसांत संपलेलं, नळाला पाणी उद्या रात्री. बोअर चालू करावं तर मोटर नुसती हवा फेकतेय.

दाजी साडेआठला आले. काकूंकडून आणलेल्या एका बादलीत रॉड टाकून त्यांना अंघोळीला पाणी दिलं. बाहेर आले, टॉवेलने डोकं पुसत म्हणाले, "गीझर नवा घेतला वाटतं? छान दिसतोय."