नॉरअ‍ॅड आणि ग्राफ्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

बायपासनंतरच्या पहिल्या दोन रात्रींत प्रेशर पडलं तर नॉरअ‍ॅडला (नॉरअ‍ॅड्रेनालिन, प्रेशर वाढवणारं औषध) घाबरू नका, त्याने ग्राफ्टमधला, म्हणजे अडलेल्या जागेला वळसा घालून जोडलेल्या रक्तवाहिनीतला, फ्लो बहुतेक वेळा वाढतो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी परत वाचली. "नॉरअ‍ॅड रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे ग्राफ्टही आवळतं, एवढं साधं विज्ञान ज्यांना कळत नाही त्या नर्सबाईंनी बायपासवर लिहू नये." मुद्दा मांडा ना, कडक शब्दात मांडा, पण त्यात नर्सबाई कशाला आणायच्या? हेच एखाद्या डॉक्टरने लिहिलं असतं तर तुम्ही "सर, एक शंका होती" असं सुरू केलं असतं की नाही, खरं सांगा.

एक गोष्ट मान्य. रेडियलचा, म्हणजे हातातून काढून ग्राफ्ट म्हणून लावलेल्या धमनीचा, परिच्छेद लेखात फार खाली गेलाय, तो वर हवा होता.

आता तुमचं साधं विज्ञान. लॅबमध्ये धमनीचा तुकडा द्रावणात टांगून त्यावर नॉरअ‍ॅड सोडलं तर तो आकुंचन पावतो, कोण नाही म्हणतंय? पण आयसीयूतला पेशंट म्हणजे टांगलेला तुकडा नाही हो. ग्राफ्टमधून किती रक्त जाणार हे त्याची नळी किती उघडी आहे यावर ठरतं तसंच मागून दाब किती आहे आणि पुढे हृदयाच्या स्नायूतल्या बारीक वाहिन्या किती सैल आहेत यावरही ठरतं. डाव्या बाजूच्या स्नायूला रक्त मुख्यतः डायस्टोलमध्ये (हृदय सैल पडतं तेव्हा) मिळतं, म्हणजे मीन प्रेशर (सरासरी दाब) आणि डायस्टोलिक पडलं की ग्राफ्ट कितीही सुंदर शिवलेला असो, फ्लो पडतो. ऑपरेशन टेबलवरच हा फ्लो ट्रान्झिट टाइम फ्लोमीटरने मोजतात, मिनिटाला 20 मिलीच्या वर आणि पल्सॅटिलिटी इंडेक्स (ठोक्यागणिक फ्लो किती वरखाली होतो ते) 5 च्या खाली असला तर साधारण निर्धास्त, आणि तो आकडा घेतानाही सर्जन आधी विचारतात, प्रेशर किती आहे? कारण 50 च्या मीनवर घेतलेला आकडा आणि 80 वर घेतलेला आकडा यांची तुलनाच होत नाही. नॉरअ‍ॅडने मीन वर आणलं की लिमाचा (छातीच्या आतल्या डाव्या धमनीच्या ग्राफ्टचा) आणि पायाच्या शिरेचा फ्लो बहुतेक वेळा वाढतो. हेच लेखात लिहिलं होतं, एवढंच.

माझं म्हणाल तर उभं आयुष्य मुंबईतल्या कार्डियाक आयसीयूत गेलं, आर्ट लाइनकडे (धमनीत घातलेली, सतत प्रेशर दाखवणारी नळी) बघत आणि सिरिंज पंप वरखाली करत. एनटीजी (नायट्रोग्लिसरीन, रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) जरा जोरात चालू राहिली, प्रेशर घसरलं, आणि मॉनिटरवर ईसीजीतलं एसटी बदलायला लागलं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतंय, हे डोळ्यांनी पाहिलंय. अशा वेळी नॉरअ‍ॅडला घाबरून बसलं असतं तर काय झालं असतं ते तुम्हीच सांगा. पुस्तक उघडायला तेव्हा वेळ नसतो.

रेडियलचं वेगळं आहे, आणि तेही मी लिहिलंय, तुम्ही तिथपर्यंत पोचला नाहीत बहुतेक. हाताच्या त्या धमनीची भिंत स्नायूंनी भरलेली, पटकन आखडते. 1970 च्या दशकात पॅरिसला सर्जन कार्पाँतिए यांनी ती वापरायला सुरुवात केली आणि बऱ्याच ग्राफ्ट बंद पडताना दिसल्यावर सोडून दिली, मग 1992 मध्ये अकार आणि मंडळींनी डिल्टियाझेमच्या (रक्तवाहिन्या आखडू न देणारं औषध) आधाराने परत आणली. म्हणून तर रेडियल लावलेल्या पेशंटला डिल्टियाझेम किंवा अ‍ॅम्लोडिपिन देतात, नुसत्या बीपीसाठी नाही. म्हणजे कुठला ग्राफ्ट हे आधी बघायचं, मग औषध. तुम्ही लिमा, पायाची शीर आणि रेडियल तिन्ही एका वाक्यात कोंबलेत.

बाकी क्विनाप्रिल या बीपीच्या गोळीच्या इमॅजिन ट्रायलबद्दल जे लिहिलंत ते ठीक आहे, बायपासनंतर लवकर सुरू करून फायदा दिसला नाही हे खरंय, पण माझा लेख पहिल्या दोन रात्रींबद्दल होता, घरच्या गोळ्यांचा तो विषयच नव्हता. बीटा ब्लॉकर गोळ्यांचंही तेच. आणि "लेख लांबलाय" याला मी काय उत्तर देऊ.

तुमच्या वडिलांचं बायपास झालंय असं शेवटी लिहिलंत, आणि हातावर व्रण आहे असंही. मग एक काम करा, आपला वाद राहू दे बाजूला. डिस्चार्ज कार्डवर कुठले ग्राफ्ट लिहिलेत ते बघा, आणि त्यांची डिल्टियाझेम किंवा अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर "बीपी आता नॉर्मल आहे" म्हणून सर्जनला न विचारता बंद करू नका. पुढची प्रतिक्रिया जरूर पाठवा, छापीन, फक्त ते नर्सबाई वगैरे काढून.