पाच किलो दोनशे, पाच धरा

लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हा माझी अट एकच होती : उचलता आला पाहिजे. मी इंटिरिअरची कामं करतो. राहायला पुण्यात, पण निम्मी गिऱ्हाइकं दादर-माटुंग्याची. हल्ली कोणी कागदावरचं ड्रॉइंग बघत नाही. सोफ्यावर ऊन कसं पडेल तेसुद्धा त्यांना आधी स्क्रीनवर बघायचं असतं.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे घरातला तज्ज्ञ तोच. तो म्हणाला, "मामा, तुझ्या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं आणि बत्तीस जीबी रॅम हवी. आणि रॅम बोर्डालाच डकवलेली नको, पुढे वाढवता येत नाही." हे शेवटचं मला पटलं. आमच्या धंद्यात भिंतीत गाडलेल्या नळाचं दुःख आम्ही जाणतो.

दुकानातला मुलगा बोलायला गोड. स्क्रीन शंभर टक्के डीसीआय-पी३, म्हणजे सिनेमावाल्यांचे सगळे रंग दाखवणारी. (गिऱ्हाईक माझी डिझाइनं व्हॉट्सॲपवर, चिरा पडलेल्या मोबाइलवर बघतं, हे मी त्याला सांगितलं नाही.) मजबुतीला अमेरिकन लष्कराची मिल-एसटीडी-८१० कसोटी. धूळ, दमट हवा, उष्णता, हादरे, सगळ्यातून पास. त्यातल्या कोणत्या परीक्षांना बसायचं हे कंपनीच ठरवते, हे भाच्याने मला घरी आल्यावर सांगितलं. "आणि सर, एकदम पोर्टेबल. फक्त दोन किलो सहाशे."

हे वजन अॅडॉप्टर सोडून असतं. दोनशे तीस वॉटचा अॅडॉप्टर खोक्यातून निघाला तेव्हा आईला वाटलं, इन्व्हर्टर घेतला. आकाराने भाजक्या विटेची धाकटी बहीण. मग गरम होतो म्हणून पंख्यांचा स्टँड, वायर पुरत नाही म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड, माउस, हार्डडिस्क, आणि हे सगळं पेलेल अशी बॅग. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे जाऊन मी बॅग काट्याला लटकवली. पाच किलो दोनशे. तो सवयीने म्हणाला, "पाच धरा."

१९८१ साली ऑस्बोर्न १ नावाचा संगणक निघाला होता. उचलून न्यायचा संगणक म्हणून विकलेल्या पहिल्या काहींपैकी तो. वजन साधारण अकरा किलो, पडदा पाच इंची, आणि बॅटरी नाहीच. जिथे जाल तिथे प्लग शोधा. मला तो प्रामाणिक वाटतो. त्याने निदान कोणाला गाडीत काम करायचं स्वप्न दाखवलं नाही.

मला ते पडलं होतं. डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते. म्हटलं, शिवाजीनगरला रेंडर लावायचं, म्हणजे ड्रॉइंगवरून फोटोसारखं चित्र बनवायला लॅपटॉपला जुंपायचं; दादरला उतरताना तयार. खिडकीशेजारच्या सॉकेटवर पासवाल्या काकांचा मोबाइल होता, आणि पासवाल्यांच्या डब्यात नवख्याने सॉकेट मागणं म्हणजे जावयाने पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्ली मागणं. पण माझी बॅटरी नव्याण्णव वॉट-अवरची. शंभर का नाही, तर विमानात वेगळी परवानगी न घेता शंभरपर्यंतचीच नेता येते. मी विमानात बसतो वर्षाला शून्य वेळा.

लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पाचच मिनिटांत त्याचं नाव कोणी ठेवलं त्याची आठवण काढली. त्याला हवा लागते खालच्या जाळ्यांतून, आणि त्या जाळ्या नेमक्या माझ्या मांड्यांनी बुजलेल्या. पंखे घोंगावायला लागले. डाव्या बाजूने अशी गरम हवा सुटली की काकांनी चहाचा कप सरकवून बरोबर तिच्यासमोर ठेवला. "चालू द्या," म्हणाले, "गरम राहतोय."

घरी बारा मिनिटांत होणारं रेंडर कामशेतला चाळीस टक्के. प्लग काढला की हे यंत्र हात आखडतं घेतं, बॅटरी एवढी ताकद पुरवू शकत नाही. तरी बॅटरी पितं मात्र मनसोक्त. नव्वद वॉटने काम चाललं तर नव्याण्णवचा हिशोब तासाभरात आटोपतो, हे पाचवीतलं गणित मी घाटात केलं. खंडाळ्याच्या बोगद्यात स्क्रीन काळी झाली. मला वाटलं, बोगद्यामुळे. बोगदा संपला. काका म्हणाले, "गेला."

त्यानंतर मी पाच किलो दोनशे फक्त वाहतो. काम एका प्लगपासून दुसऱ्या प्लगपर्यंत.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. वडिलांची करवत, पटाशी, रंधा चौरंगावर मांडलेले असतात. यंदा आईने मधोमध लॅपटॉप ठेवला. "तुझं शस्त्र हेच ना?" झेंडूचं फूल, अक्षता, आणि हळदकुंकू चांगलं चिमूटभर. ते कीबोर्डच्या वरच्या जाळीवर पडलं. मी फुंकर मारली, फडक्याने पुसलं. वरचं गेलं. आत गेलेलं कोण बघतो? साधं काम असलं की ह्याचे पंखे फिरतच नाहीत, त्यामुळे बिचारं दोन दिवस आत निवांत बसून राहिलं.

दसऱ्यानंतर दादरला एका शेठकडे गेलो. ह्या शेठनी हॉलच्या एका भिंतीच्या रंगासाठी मला तीन आठवडे फिरवलं होतं. ऑफ-व्हाइटच्या अकरा छटा नापास. मी बॅग उघडली, एक्स्टेन्शन लावलं, अॅडॉप्टर गालिच्यावर ठेवला (त्यांच्या नातवाने लगेच त्यावर बैठक मारली), आणि बारावी छटा रेंडरला लावली. शेठ डावीकडे, पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात.

पंखे जागे झाले. आधी गुणगुण, मग घोंगावणं, मग एक बारीकसा ठसका. आणि शेठच्या उजव्या बाहीवर, कोपरापासून मनगटापर्यंत, अलगद केशरी धुरळा.

अमेरिकन लष्कराने हळदकुंकवाची कसोटी घेतली नसावी.

मी उठून उभा राहिलो. माफी मागावी की बाही झटकावी, ते कळेना. झटकलं तर कुंकू पसरतं, एवढं आमच्या घरातल्या टॉवेलांनी मला शिकवलंय. शेठ काही बोलेनात. त्यांनी हात वर केला, खिडकीच्या उजेडात धरला, इकडून तिकडून बघितला. मग आत हाक मारली, "अहो, जरा बाहेर या."

शेठाणी आल्या. दोघंही एकदा बाहीकडे आणि एकदा भिंतीकडे बघायला लागले.

"हा," शेठ म्हणाले, "हा कुठला शेड?"

मी म्हटलं, "आईला विचारून सांगतो."